ग्रस्तास्त

“मुजावर, ते यंत्र आता बंद करा. अकराला पूजा आहे.”

डॉ. निरंजन पोतनीस दालनाच्या उंबऱ्यावरूनच बोलले. अंगात रेशमी कुडता, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर खटल्याचा निकाल आधीच कळलेल्या माणसाची प्रसन्नता.

“बंद नाही करता येणार सर,” अन्वर मुजावर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “कंपाइल लागलंय, प्रोग्राम बांधला जातोय. मध्येच तोडलं तर परत पहिल्यापासून.”

“कोणी लावलं?”

अन्वरने हनुवटी माझ्याकडे वळवली. मित्राला तोंडघशी पाडण्याची त्याची ही पद्धत जुनीच होती.

“मी,” मी म्हणाले. “तुमच्या टिपणातलं ग्रहण पुन्हा काढते आहे.”

“देवस्थळीबाई, ते काढून झालं आहे.”

“तयार पॅकेजवर झालं आहे. मी सोर्समधून, मूळ लिखाणापासून, बांधून काढते आहे.”

“प्रोग्राम तोच ना?”

“तोच.”

“मग उत्तरही तेच येणार.” ते हसले. “एकच पुस्तक दोन दुकानांतून विकत घेण्यापैकी आहे हे.”

हा गृहस्थ तीस वर्षे पुस्तकांत वावरला होता, आणि एका ग्रंथाच्या दोन प्रती सारख्या असतात अशी त्याची अजून श्रद्धा होती. राग आला की माझे डोके तापत नाही. हात गार पडतात आणि वाक्ये आखूड होतात. त्या सकाळी माझी बोटे बर्फासारखी झाली होती.

ही एकोणीसशे नव्याण्णवच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्या संशोधन संस्थेचा ताम्रपटांचा कोश दसऱ्याला छापखान्यात जायचा होता, आणि आदल्या संध्याकाळी पोतनीसांनी संपादक मंडळापुढे एक टिपण ठेवले होते. त्यात म्हटले होते की वाघोऱ्याचा ताम्रपट बनावट आहे. तो कोशातून काढावा. बाराशे वर्षांपूर्वी एका मांडलिक राजाने सूर्यग्रहणाच्या पर्वावर गाव दान दिले, असे त्या तीन पत्र्यांवर कोरलेले आहे. पोतनीसांनी संस्थेच्या संगणकावर त्या दिवसाचे ग्रहण काढून पाहिले. ग्रहण झाले होते खरे, पण दख्खनेत सूर्य मावळल्यानंतर. म्हणजे इथून ते दिसलेच नाही. आणि न दिसलेल्या ग्रहणाचे दान कोणी देत नाही. तेव्हा कोण्या लबाडाने पुढे कधीतरी पंचांगातून तारीख उचलून हे पत्रे घडवले असणार.

युक्तिवाद देखणा होता. त्यात एकच गोष्ट नव्हती: पोतनीसांनी तो ताम्रपट कधी हातात धरलेला नव्हता.

हातात धरला होता तो इंदुमती सरमळकरांनी. आम्ही सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असू. ऐन विशीत त्यांनी वाघोऱ्याच्या एका गोठ्यातून, गव्हाणीखालून, ते पत्रे उकरून आणले, चिंच लावून घासले, वाचले आणि प्रसिद्ध केले. त्यांचे सारे नाव त्या वाचनावर उभे होते. आता त्या ब्याऐंशीच्या होत्या, आणि दुपारच्या सभेत त्यांच्या देखत त्यांचा ताम्रपट खोटा ठरायचा होता. टिपण वाचून त्या मला फोनवर एवढेच म्हणाल्या होत्या, “मुलगा हुशार आहे गं. त्याला खोडायचं तर त्याच्याच यंत्राने खोडावं लागेल.”

म्हणून सकाळी कुलूप उघडताच मी अन्वरला गाठले होते.

“हा प्रोग्राम आतून काय करतो?” मी विचारले.

“ग्रहण काढतो.”

“ते मला कळलं. कसं काढतो?”

“मॅडम, तयार पॅकेज आहे. टाकलं, चाललं. आत डोकवायला मला कुणी पगार देत नाही.” अन्वर मिरजेचा, संस्थेचे सगळे संगणक त्याच्या ताब्यात, आणि तयार पॅकेजचा तो कट्टर पुरस्कर्ता. “सोर्समधून बांधत बसायचं म्हणजे विमानाचं तिकीट खिशात असताना चालत निघायचं. हौशी लोकांचं काम आहे ते.”

“सोर्स आहे का आपल्याकडे?”

“सीडीवर असेल. सगळ्याचंच असतं. कुणी वाचत नाही.”

“दे इकडे.”

मी पोथ्या वाचणारी बाई. संगणकाची भाषा मला येत नाही. पण कोणत्याही ग्रंथात प्रस्तावना आणि बांधणीच्या सूचना आधी वाचाव्यात, ही सवय बाईंनी लावलेली. सोर्सबरोबर लेखकाने सूचनांची फाइल दिली होती. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जिथे कोणाचीही नजर पोहोचू नये अशा जागी, त्या सज्जनाने लिहिले होते: प्राचीन तारखांसाठी पृथ्वीच्या गतीची दुरुस्ती लागते, तिची कोष्टके मोठी असल्यामुळे तयार पॅकेजांत ती वगळलेली असतात, ज्याला हवी त्याने सोर्समधून बांधताना ती चालू करावी.

मी ते अन्वरला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

“पृथ्वीच्या गतीची कसली दुरुस्ती?”

“पृथ्वी हळूहळू मंदावते आहे. पूर्वी दिवस केसभर लहान होता. बाराशे वर्षांत तो केस साठत साठत पाऊण तासाच्या आसपास जातो. ही दुरुस्ती नसेल तर जुनं ग्रहण तेवढं उशिरा झालेलं दिसतं.”

“म्हणजे सूर्य मावळल्यावर झालं असं जे आलंय...”

“ते कदाचित मावळायच्या आधी झालं असेल. कदाचित. बांधून बघितल्याशिवाय मी शब्द बोलणार नाही.”

“आयला!” अन्वर खुर्ची सरकवून उठला. आता तो कट्टर पुरस्कर्ता वगैरे काही राहिला नव्हता. “मग व्हा बाजूला! पण मॅडम, हे मशीन म्हातारं आहे. ह्याच्याखालच्या चार लायब्रऱ्या, म्हणजे मदतनीस प्रोग्राम, त्यापण बांधाव्या लागतील. संध्याकाळ होईल.”

“सूर्यास्ताला सभा संपते.”

“सूर्यास्ताच्याच मागे लागलोय की आपण,” तो म्हणाला आणि कीबोर्डवर तुटून पडला.

अडचण एवढीच होती की तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्या संस्थेत त्या दिवशी भिंगे, ठसे घेण्याचे ब्रश, शाईचे बोळे, कॅमेरे, टाक, पेने, अगदी पेन्सिलीसुद्धा दालनातल्या लांब टेबलावर मांडून त्यांची पूजा होई. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोने लुटेपर्यंत त्यांतल्या कशालाही कोणी हात लावत नसे. सभाही त्याच टेबलाभोवती भरे. काही लिहायचे नाही. बोलायचे, ठरवायचे, आणि ठरले ते दसऱ्याला कागदावर आणायचे. संगणक आल्यापासून तोही आदल्या दिवशी टेबलावर येऊन बसू लागला होता.

“अकराच्या आत बंद करा,” पोतनीस आता टेबलापर्यंत आले होते. “हत्यारं आज विश्रांती घेतात. रिवाज आहे.”

“रिवाज हात न लावण्याचा आहे,” दारातून आवाज आला.

बाई आल्या होत्या. पांढरे पातळ, हातात काठी, दुसऱ्या हातात पूजेचे तबक. मागोमाग मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब निंबकर, निवृत्त न्यायाधीश. घरी सूनबाईंनी दुसऱ्यांदा पोळी वाढली तरी पूर्वीचा दाखला मागणारे.

“निरंजन, हे यंत्र चालू आहे ना?”

“हो बाई, तेच म्हणतो, बंद...”

“बंद करायचं म्हणजे हात लावायचा. आणि चालू राहायला हात लावायला नको. मग रिवाज कोण मोडतंय? अप्पासाहेब, तुम्ही सांगा.”

अप्पासाहेबांनी डोळे मिटले. असा नाजूक मुद्दा त्यांच्यापुढे निवृत्तीनंतर प्रथमच आला असावा.

“पूजा झालेली नाही तोवर हात लावण्यास प्रतिबंध नाही,” ते म्हणाले. “पूजा झाल्यावर आहे. सर्वांना. बंद करण्यासही आणि चालवण्यासही.”

पोतनीसांचा हात विजेच्या बटणाकडे निघाला. त्याच क्षणी बाईंनी चिमूटभर कुंकू यंत्राच्या माथ्यावर टेकवले.

“झाली,” त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात पुष्कळ वादविवाद ऐकले आहेत. इतके आटोपशीर खंडन पुन्हा कधी ऐकायला मिळाले नाही.

“एक मिनिट, एक मिनिट!” अन्वर कुजबुजला. “मला अजून...”

“काय राहिलं?”

“नाही, काही नाही. सगळ्या आज्ञा एकामागोमाग लावून ठेवल्यात. बांधून झालं की आपोआप ग्रहण काढेल. फक्त कुठे अडकलं तर...” त्याने ओठ चावला. “अडकलं तर अडकलं. उद्यापर्यंत कुणाला हात लावता येणार नाही. मलापण.”

मग आरती झाली. झेंडूच्या माळा अन्वरनेच आणल्या होत्या, दरवर्षी तोच आणी. त्याने त्या वर्षी सर्वांत जाड माळ आपल्या यंत्राला घातली, पुढून मागे, दोन वेढे.

दुपारी सभा बसली. टेबलाच्या एका टोकाला कुंकू ल्यालेला संगणक, पडद्यावर ओळी धबधब्यासारख्या कोसळत होत्या. दुसऱ्या टोकाला पोतनीस बोलत होते. ते बोलत सुरेख, हे नाकारण्यात अर्थ नाही.

“आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा,” ते म्हणाले, “बाईंचाच आहे. ताम्रपटात म्हटलं आहे, राहूने गिळलेला सूर्य डोंगराआड उतरत असताना, राजाने नदीत उभं राहून दानाचं पाणी सोडलं. ह्या ओळीवर बाईंची तळटीप आहे.” त्यांनी बाईंचे पुस्तक उघडले. “ ‘हे वर्णन अलंकारिक समजावे. कोरक्याच्या पदरची ही कविता आहे.’ बाई, कवितेला पुरावा मानायचं नाही हे आपणच आम्हाला शिकवलंत.”

 पुस्तक बाईंनी हात लांब करून आपल्याकडे ओढून घेतले आणि उघडेच समोर ठेवले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मी पडद्याकडे पाहत होते.

“किती राहिलं?” मी अन्वरला दबक्या आवाजात विचारले.

“तीन लायब्रऱ्या झाल्या. चौथी चाललीय.”

“वेग कमी झाला का रे?”

“तुम्हालापण वाटलं?” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “सकाळी ओळी वाचता येत नव्हत्या. आता मी वाचू शकतोय.”

आणि मग यंत्र किंचाळू लागले. एकसारखा, तीक्ष्ण, भिंतीवर टाचणी ओढल्यासारखा आवाज. अप्पासाहेब दचकून उठले.

“काय झालं?”

“तापलंय,” अन्वर वाकून मागे पाहत म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. “या अल्ला! माळ. मागच्या पंख्याच्या जाळीवर बसलीय माझी माळ. हवाच जात नाहीये. दोन मिनिटांत हे स्वतःहून बंद पडणार!”

“काढ ती!” मी ओरडले.

त्याचा हात पुढे झाला आणि थांबला. पोतनीस उभे राहिले होते.

“अध्यक्षमहाराज, आपला सकाळचा निर्णय आहे. कोणी हात लावायचा नाही.”

“माळेला!” मी म्हणाले. “यंत्राला नव्हे!”

“पूजा उद्या उतरायची असते,” पोतनीस शांतपणे म्हणाले. “हाही रिवाजच आहे.”

अप्पासाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. यंत्र किंचाळत होते. पडद्यावर एक ओळ उमटली, थांबली, आणखी एक उमटली. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखे पांढरी झाली. त्या क्षणी माझ्या मनात पोतनीसांविषयी जे आले ते कोणत्याही भाषेत छापण्याजोगे नव्हते.

काठीचा आवाज झाला. बाई टेबलाच्या त्या टोकाशी पोहोचल्या होत्या.

“इंदुमतीबाई,” अप्पासाहेब डोळे न उघडताच म्हणाले, “पूजा उतरवता येणार नाही.”

“मी कुठे उतरवतेय? देवाला गुदमरू देत नाही, एवढंच.” आणि त्यांनी दोन बोटांनी, यंत्राच्या पत्र्याला नखही न लागू देता, माळ जाळीवरून अलगद उचलली आणि यंत्राच्या माथ्यावर नीट मांडली. “पूजा होती तशीच आहे. फूल फक्त पाठीवरचं डोक्यावर गेलं. नोंदवा हवं तर उद्या.”

अप्पासाहेबांनी डोळे उघडले, माळेकडे पाहिले, बाईंकडे पाहिले.

“हरकत फेटाळली,” ते म्हणाले.

किंचाळी आणखी थोडा वेळ चालली, मग तुटक झाली, मग थांबली. पंख्याचा घरघराट भरभक्कम झाला. ओळी पुन्हा धावू लागल्या. अन्वरने दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्याचा स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नव्हता.

पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन टेबलावर आडवे आले. भिंगे चमकू लागली.

“सूर्यास्त होत आला,” पोतनीस म्हणाले. “ठराव घ्यावा अशी माझी विनंती आहे.”

“झाला की घेऊ,” अप्पासाहेब म्हणाले. त्यांनीही आता खुर्ची पडद्याकडे वळवली होती.

“चौथी झाली!” अन्वर जवळजवळ ओरडलाच. “आता मुख्य प्रोग्राम! चल राजा, चल, चल...”

पोथ्या वाचणाऱ्या बाईला क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखी उत्कंठा वाटू शकते, यावर माझा त्या दिवसापर्यंत विश्वास नव्हता. दालनात सगळे उभे होते. पोतनीससुद्धा. ओळी थांबल्या. पडदा रिकामा झाला. एक क्षण, दोन क्षण काहीच नाही. मग आकडे उमटले.

“वाच,” मी म्हणाले. 

अन्वरने हात पाठीशीच ठेवून मान पुढे काढली. “तारीख तीच. ठिकाण वाघोरे. ग्रहणाची सुरुवात...” तो अडखळला. “सूर्यास्ताच्या आधी. बऱ्यापैकी आधी. सूर्य मावळताना झाकलेला भाग... निम्म्यापेक्षा जास्त! मॅडम, निम्म्यापेक्षा जास्त झाकलेला सूर्य मावळलाय!”

“ग्रस्तास्त,” अप्पासाहेब हळूच म्हणाले. त्यांच्या वडिलांचे पंचांग होते घरात. ग्रहण लागलेल्या अवस्थेत सूर्य बुडतो त्याला तिथे हाच शब्द असतो. “इंदुमतीबाई, ग्रस्तास्त झाला होता.”

“दिसलं होतं!” मी ओरडले. “त्यांनी ते पाहिलं होतं!” मी अन्वरचा दंड धरून हलवत होते, आणि तो “हात लावू नका, मी पण हत्यार आहे!” असे काहीतरी बरळत हसत होता.

पोतनीस पडद्याजवळ गेले. पुन्हा पुन्हा वाचले. मान द्यायचा तर एवढा देईन की ते खोटे बोलले नाहीत.

“दुरुस्तीचा प्रश्न मला ठाऊक होता,” ते सावकाश म्हणाले. “ती आत असणारच असं मी धरून चाललो.”

“न उघडता,” मी म्हणाले.

“न उघडता,” ते म्हणाले. “टिपण मागे घेतो.”

मी विजयाने बाईंकडे वळले. त्यांचा ताम्रपट वाचला होता, नाव वाचले होते. त्या मात्र खाली बसून आपल्या पुस्तकाच्या उघड्या पानाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता.

“शरयू,” त्या म्हणाल्या, “ती ओळ वाच. माझं भाषांतर नको. पत्र्यावरची.”

मूळ पत्रे टेबलावरच मांडले होते, हत्यारांच्या शेजारी; त्यांना हात लावायला मनाई नव्हती, ते हत्यार नव्हते. मी दुसरा पत्रा उचलला आणि खिडकीतून येणाऱ्या आडव्या उन्हात तिरका धरला, तशी अक्षरे उभी राहिली. मी वाचू लागले. राहूने गिळलेला सूर्य डोंगराआड उतरत असताना. नदीत उभे राहून.

मी पत्रा जागेवर ठेवला.

“साधी वेळ सांगितली आहे त्याने,” बाई म्हणाल्या. “किती वाजता ते. घड्याळ नव्हतं त्याच्याकडे, म्हणून सूर्य कुठे होता ते सांगितलं. आणि मी काय केलं? तेव्हा ग्रहणांच्या छापील सारण्या मिळत. तयार. त्यांत दिवस होता, वेळ नव्हती. मी सारणीत दिवस बघितला, जुळला, खूश झाले. वेळ माझ्या हातात होती, ती मी कविता म्हणून खाली ढकलली.” त्या पोतनीसांकडे वळल्या. “निरंजन, तू माझाच विद्यार्थी आहेस हो. उगाच तुला बोलतात.”

 ती तळटीप मीही शेकडो वेळा वाचली होती.

“बाई, उद्या बदलू,” मी म्हणाले. “छापखान्यात जाण्याआधी.”

“उद्या कशाला?”

त्यांचा हात पेनाकडे गेला. पेन कुंकू लावून बसले होते. पेन्सिल, टाक, सगळेच. अप्पासाहेबांनी घसा खाकरला. बाईंनी हात मागे घेतला, क्षणभर विचार केला, आणि मग पुस्तकाच्या पानावर झुकून अंगठ्याच्या नखाने ती तळटीप, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, दाबून खोडली. कागदावर नख ओढल्याचा आवाज त्या शांत दालनात स्पष्ट ऐकू आला. बाहेर सूर्य बुडाला.

ती प्रत आता माझ्याकडे आहे. सरळ उजेडात पाहिली तर पान सपाट दिसते, तळटीप जशीच्या तशी. खिडकीशी नेऊन तिरकी धरली, की चर दिसतो.